सगळेच वऱ्हाडी

आमच्या कोल्हापुरात माणसाचं आडनाव नंतर विचारतात. आधी पेठ विचारतात, आणि पेठ कळली की तालीम. तालीम म्हणजे फक्त कुस्तीची, हे बाहेरच्यांचं ज्ञान. आमच्या तालमींत लाल मातीच्या शेजारीच फुटबॉलचे बूट वाळत पडलेले असतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ ही नावं ऐकून ज्याच्या कपाळावरची शीर हलत नाही, तो गृहस्थ कोल्हापुरात पाहुणा आहे असं खुशाल समजावं. यांतली माझी तालीम कोणती, ते मी सांगणार नाही. सांगितली तर हे पुस्तक अर्ध्या गावात खपायचं नाही, आणि उरलेल्या अर्ध्या गावाला पुस्तक विकत घ्यायची सवय नाही.

तर अशा मला, २०२३ च्या जानेवारीत, आमचे जावई ॲडलेडहून फोनवर म्हणाले, "बाबा, यंदा एप्रिलमध्येच या. आख्खी फुटबॉल लीग आमच्या गावात येतेय. अठरा संघ, नऊ सामने, चार दिवस, आणि सगळं एकाच शहरात!"

मी म्हटलं, "जावईबापू, सगळे संघ एकाच शहरात, एकाच मैदानावर, आणि चार दिवस नव्हे तर आख्खा मोसम, हे मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून बघतोय. त्यासाठी विमानात कशाला बसू?"

पण बसलो. कारण सौ.ला नात बघायची होती, आणि नात कोल्हापूरच्या लीगमध्ये खेळत नव्हती.

तिकडे गेल्यावर पहिला धक्का असा की तो फुटबॉल आपला नव्हेच. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट. तो हातात घेऊन पळायचं, मुठीनं ठोसून सोबत्याला द्यायचा, आणि नावाला जागायचं म्हणून अधूनमधून लाथ घालायची. मैदान क्रिकेटचं, लंबगोल. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथाडला तर सहा गुण. नेम चुकून कडेच्या खांबांतून गेला, तरी एक गुण! नेम चुकल्याबद्दल गुण द्यायची ही उदार पद्धत आमच्या वेळी मॅट्रिकच्या गणिताला असती, तर आज मी हे असले लेख लिहीत बसलो नसतो. खांबांपाशी एक पंच उभा असतो. गोल झाला की तो दोन्ही हातांत पांढरी निशाणं घेऊन एखाद्या कर्तव्यदक्ष स्टेशनमास्तरासारखी फडकावतो. हसू नका. या खेळाचे नियम मेलबर्नमध्ये १८५९ साली लिहिले गेले, आणि आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याचे इंग्लंडात १८६३ साली. म्हणजे वडीलकीचा मान त्यांचाच.

या लीगचे तेव्हाचे अठरा संघ असे : दहा एकट्या व्हिक्टोरिया राज्यात, म्हणजे मेलबर्न आणि जवळपास, आणि उरलेल्या चार राज्यांत दोन-दोन. ॲडलेडचे दोन म्हणजे पोर्ट ॲडलेड आणि 'क्रोज', म्हणजे कावळे. आमचे जावई मूळचे कोथरूडचे. पुण्यात असताना त्यांनी चेंडूला कधी पाय लावल्याचं त्यांच्या मातोश्रींनाही स्मरत नाही. ते तिथे जाऊन कावळ्यांचे वर्गणीदार सभासद झाले आहेत. माणसानं परमुलखात काय काय करावं! आपल्याकडे कावळ्याची एवढी वाट फक्त दहाव्याच्या दिवशी बघतात.

मेळाव्याचं नाव 'गॅदर राउंड'. राउंड म्हणजे लीगची फेरी, आणि दोन्ही शब्द मिळून 'या, भोवती गोळा व्हा'. इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना एखादा बरा श्लेष सुचला की ते त्याच्या मागून धोरण आखतात, असा माझा फार जुना संशय आहे. मूळ कल्पना रग्बी लीगवाल्यांची. २००७ साली इंग्लंडच्या रग्बी लीगनं एक आख्खी फेरी कार्डिफला नेली. २०१९ साली ऑस्ट्रेलियाच्या रग्बीवाल्यांनी ब्रिस्बेनला तसंच केलं. फूटीवाल्यांनी (खेळाचं लाडकं नाव फूटी) शेजारच्या घरातली पाककृती उचलावी तशी ती उचलली, आणि १३ ते १६ एप्रिल २०२३ असे चार दिवस ॲडलेडमध्ये पहिली पंगत मांडली.

शहर सजलं होतं, हे मी नाकारत नाही. टॉरेन्स नदीवरच्या पुलावरून ॲडलेड ओव्हलकडे माणसांची रांग लागलेली. पन्नास हजारांहून जास्त माणूस मावणारं ते देखणं मैदान, त्याच्या एका टोकाला १९११ सालचा, अजून हातानं आकडे लावायचा धावफलक, आणि मागे जुने वड. वडाची मोठी झाडं पाहून मला उगाच माहेरी आल्यासारखं वाटलं. पहिल्या रात्री कावळ्यांनी कार्लटनला सपाटून हरवलं. जावई मध्यरात्री घरी आले ते आवाज गमावून. सौ. मला हळूच म्हणाली, "शिवला म्हणायचा कावळा."

माझं तिकीट शुक्रवारचं होतं. नॉरवुड ओव्हल नावाचं, वस्तीतलं, आटोपशीर मैदान. सामना फ्रीमँटल विरुद्ध गोल्ड कोस्ट. फ्रीमँटल हे पर्थजवळचं बंदर, म्हणून संघाचं नाव 'डॉकर्स', अर्थात गोदी कामगार. गोल्ड कोस्ट पूर्व किनाऱ्यावर क्वीन्सलँडमध्ये, त्यांचं नाव 'सन्स', अर्थात सूर्य. एका संघाचं गाव पश्चिमेला दोन हजार किलोमीटरांहून लांब, दुसऱ्याचं पूर्वेला दीडेक हजार. गोदी कामगार विरुद्ध सूर्य! नाव ऐकून मला गिरणगावातल्या एखाद्या पथनाट्याची आठवण झाली.

आणि इथेच माझं डोकं फिरलं.

माझ्या डावीकडे एक कुटुंब, रिचमंडच्या पिवळ्या-काळ्या गळपट्ट्यांत. उजवीकडे दोघे म्हातारे, कॉलिंगवुडच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत. पुढे जीलाँगचा निळा-पांढरा एक इसम. यांपैकी एकाचाही संघ त्या मैदानावर खेळत नव्हता. गोदी कामगारांनी गोल केला, टाळ्या. सूर्यांनी गोल केला, टाळ्या. तितक्याच! मोजून! एकाच सामन्यात दोन्ही संघांना टाळ्या देणारा माणूस आमच्याकडे एक तर पंचाचा मेहुणा असतो, नाहीतर बंदोबस्तावर आलेला नवा फौजदार. इथे पुरं मैदान फौजदारांनी भरलेलं.

मंगल कार्यालयातल्या लग्नांना आपण नावं ठेवतो. घरचं कार्य ते घरचं कार्य, कार्यालयात नुसता हिशेब, वगैरे वगैरे. पण कार्यालयातही निदान एक वरपक्ष असतो, एक वधूपक्ष असतो. कोण कोणावर रुसलंय हे पंगतीत बसल्याबरोबर कळतं. नॉरवुडला सगळेच वऱ्हाडी. शेजारच्या हॉलमधल्या लग्नाचे लोकही याच पंगतीला येऊन जिलबी हाणताहेत आणि दोन्ही व्याह्यांना 'वा, वा' म्हणताहेत. रुसायला एक माणूस नाही. अशा लग्नाला लग्न कसं म्हणायचं?

रुसायला अगदीच कुणी नव्हतं असं नाही. खालच्या रांगेत फ्रीमँटलच्या जांभळ्या रंगातलं एक जोडपं होतं. मध्यंतरात त्यांच्याशी बोललो. पर्थहून आले होते. घरच्या सामन्याला आगगाडीनं जातात, दोन्ही पोरांना घेऊन, डबा घेऊन. इथे यायचं म्हणजे विमान, हॉटेल, आणि हॉटेलवाल्यांनी फुटबॉलचा वास लागताच वाढवलेले भाव. म्हणून पोरं आजीकडे ठेवली होती. बाई म्हणाली, धाकटा सबंध संध्याकाळ रडला. त्यांचा संघ त्या दिवशी जिंकला. बाईनं लगेच फोन लावला. पलीकडून बहुधा धाकटा बोलत असावा, कारण तिनं बराच वेळ नुसतं ऐकलं.

रात्री जेवताना मी विषय काढला. जावयांनी तो अगोदरच तयार केलेला होता. "बाबा, कुणाचा घरचा सामना हिरावून घेतलेला नाही. फेरीच नवीन जोडलीय. पूर्वी बावीस सामने होते, आता तेवीस. अकरा घरी, अकरा बाहेर, आणि एक इथे, त्रयस्थ ठिकाणी."

"त्रयस्थ?" मी म्हटलं, "तुमचे कावळे काल कुठे खेळले?"

"ॲडलेड ओव्हलवर."

"त्यांचं घर कुठलं?"

जावयांनी वाटीतली आमटी भुरकली.

सोळा संघांनी विमानं धरून यायचं, आणि दोघांनी आपल्याच पलंगावरून उठून, आपल्याच मैदानावर, आपल्याच पन्नास हजारांसमोर 'त्रयस्थ' सामना खेळायचा! बाकीच्यांना घरचे अकरा, या दोघांना बारा. बरं, एका वर्षी झालं तर पाहुणचार म्हणून सोडून देऊ. पण त्या चार दिवसांतच जाहीर झालं की २०२६ पर्यंत ही फेरी दक्षिण ऑस्ट्रेलियातच. आमचं साहित्य संमेलन सतरा दोषांचं असेल, पण ते बापडं दरवर्षी गाव तरी बदलतं. २०२३ ला वर्धा, २०२४ ला अंमळनेर, २०२५ ला दिल्ली. शिवाय तिथे यजमान गावच्या कवींना दोन गुण जास्त देत नाहीत. निदान उघडपणे देत नाहीत.

आणि हे सगळं फुकट होत नाही. लीग आपल्या गावात यावी म्हणून राज्य सरकार आपल्या तिजोरीतून लीगला पैसे मोजतं. पाहुण्यानं आहेर आणायचा ही जुनी रीत. इथे यजमान दारात उभा राहून पाहुण्याला आहेर करतो आणि वर म्हणतो, पुढच्या वर्षीही या. "बाबा, पर्यटन वाढतं, हॉटेलं भरतात," जावई म्हणाले. हॉटेलं भरतात यात वादच नाही. माझा वाद एवढाच की हॉटेलं भरणं हे फुटबॉलचं काम कधीपासून झालं? २०२५ साली तर दोन सामने बरोसा खोऱ्यात नेले. बरोसा म्हणजे तिकडची द्राक्षं आणि द्राक्षांचं पुढे जे होतं ते. म्हणजे सामना बघायला जाताना वाटेत मद्य नव्हे, मद्य चाखायला जाताना वाटेत सामना.

याच लीगच्या इतिहासात एक गोष्ट आहे, ती या उत्सवात कुणी सांगत नाही. १९८२ साली साउथ मेलबर्न हा जुना संघ कर्जात बुडालेला म्हणून लीगनं उचलून सिडनीला नेला. गावच्या लोकांनी चळवळ केली, सभा घेतल्या, पण संघ गेला तो गेलाच. आज तो 'सिडनी स्वान्स' म्हणून नांदतो आहे, चांगला नांदतो आहे. पण ज्या लीगनं एकदा एक घर मोडलेलं आहे, तिनं घराबाहेरच्या पंगतीला 'खेळाचा उत्सव' म्हणताना जरा जीभ चावावी की नाही?

इंग्लंडच्या लोकांना हे वेळेवर कळलं. २००८ च्या फेब्रुवारीत त्यांच्या प्रीमियर लीगच्या कारभाऱ्यांनी असाच बेत केला होता : अडतीस सामन्यांच्या मोसमाला एकोणचाळिसावी फेरी जोडायची आणि ती उचलून परदेशातल्या शहरांत खेळवायची. प्रेक्षकांनी असा काही गिल्ला केला की बेत गुंडाळून ठेवावा लागला. गिल्ला करणं ही किती उपयुक्त कला आहे, हे आपण पेठेत राहणाऱ्यांनी वेगळं शिकायला नको.

आणि घर नसलेली लीग कशी दिसते, ते आपण आपल्या दाराशी पाहिलेलं आहे. २०२०-२१ साली करोनामुळे आपली इंडियन सुपर लीग संपूर्ण गोव्यात खेळवली. अकरा संघ, ११५ सामने; फातोर्डा, बांबोळी आणि वास्को अशी तीन मैदानं. रोग होता, इलाज नव्हता, मी कुणाला बोल लावत नाही. पण बघा काय झालं. मुंबई सिटी संघ गुणतक्त्यात पहिला आला, १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्याला अंतिम सामनाही जिंकला, आणि त्या मोसमात मुंबईत एकही सामना खेळला नाही. मुंबईकरांचा संघ मुंबईबाहेर विजेता झाला आणि मुंबईकरांनी तो घरी कोचावर बसून पाहिला. गोव्याच्या संघाची गंमत तर त्याहून करुण. सगळे सामने त्यांच्या अंगणात, आणि अंगणात यायला घरच्याच माणसांना बंदी. गोव्यातल्या माणसाला फुटबॉलच्या मैदानाबाहेर ठेवणं म्हणजे वारकऱ्याला चंद्रभागेच्या अलीकडे थांबवणं.

करोना गेला, खोड राहिली. २०२४ साली प्रो कबड्डीचे बारा संघ आख्खा मोसम हैदराबाद, नॉयडा आणि पुणे या तीनच शहरांत खेळले. पुण्याचं नशीब, पुण्याला सामने मिळाले. यू मुंबा मात्र मुंबईत एकदाही नाही. कबड्डी! जो खेळ गल्लीत चार रेघा मारल्या की सुरू होतो, त्याला मुंबईत जागा मिळेना!

हे कबड्डीचं प्रकरण पुढल्या वर्षीचं. त्या रात्री माझ्या भात्यात गोव्यापर्यंतचेच बाण होते. ते मी मोठ्या आवेशानं सोडले. जावई शांतपणे ऐकत होते. कोथरूडची माणसं शांतपणे ऐकायला लागली की आपण सावध व्हावं, हे मी विसरलो.

"एक विचारू, बाबा? तुमच्या कोल्हापुरात सगळे सामने शाहू स्टेडियमवरच होतात ना?"

"होतात."

"ते मैदान पाटाकडीलचं?"

"नाही."

"दिलबहारचं?"

"नाही हो."

"मग तिथे घर कुणाचं? तुमचे पण सगळेच वऱ्हाडी की!"

लेक हसली. नात काही न कळता हसली. सौ. म्हणाली, "बोला आता." पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं इतक्या आनंदानं मला बोलायला सांगितल्याचं आठवत नाही.

उत्तर मला लगेच सुचलं नाही, हे कबूल करतो. भांडी विसळताना सुचलं. (तिकडे सासरेसुद्धा भांडी विसळतात.) दुपारी जेवून लोक तालमीपाशी जमतात. तिथून घोळक्यानं निघतात. वाटेत पानाच्या टपरीवर थांबतात, दुसऱ्या पेठेतून जाताना आवाज थोडा चढवतात, आणि चालत चालत स्टेडियमवर पोचतात. सामना चारचा असेल तर तो त्यांच्यापुरता दोनलाच सुरू झालेला असतो. मैदान कुणाचंच नसेना का, मैदानापर्यंतचा रस्ता ज्याच्या त्याच्या पेठेचा आहे. आणि त्या रस्त्यावर धाकट्याला आजीकडे ठेवून यावं लागत नाही. धाकटा काकाच्या खांद्यावर असतो, आणि शिव्या बऱ्याचशा तिथेच शिकतो.

हे मी हात पुसत पुसत जावयांना सांगितलं. ते म्हणाले, "हं." आमच्याकडचं हे प्रेम कधी कधी इतकं उतू जातं की दगड उडतात, पोलीस बोलवावे लागतात आणि सामने बंद पडतात, हे मात्र मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वादात एवढा पोक्तपणा हवा.

पुढे मे महिन्यात एका शनिवारी लेक म्हणाली, "बाबा, तुमच्या त्या नॉरवुडच्या मैदानावर आज सामना आहे. येता?" मला वाटलं पुन्हा गोदी कामगार. पण हा सामना खुद्द नॉरवुडचा. त्या मैदानाचा मूळ धनी म्हणजे नॉरवुड फुटबॉल क्लब, १८७८ सालचा, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या स्थानिक लीगमधला. लाल-निळा वेष. मोठ्या उत्सवात आपलं घर पाहुण्यांना देऊन हा धनी बिचारा कोपऱ्यात बसला होता, हे मला तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं.

माणसं थोडी होती. पण सगळी लाल-निळी, नाहीतर उघड उघड शत्रू. माझ्या शेजारी एक आजी विणकाम घेऊन बसल्या होत्या. नॉरवुडच्या पोरानं सोपा नेम चुकवला तेव्हा त्या सुई रोखून त्याला जे बोलल्या, ते त्याला सबंध ऐकू गेलं असावं, कारण त्यानं वळून पाहिलं आणि हात जोडल्यासारखं केलं. त्या गडगडून हसल्या. मला म्हणाल्या, याचा बाप पण असाच चुकवायचा.

आणि मग तिसरा डाव संपल्यावर काय झालं म्हणता? कठड्याची दारं उघडली आणि लोक सरळ मैदानात! पोरं आपापले चेंडू घेऊन खांबांवर नेम धरायला धावली, आणि मोठी माणसं खेळाडूंच्या घोळक्याकडे. इथल्या लीगची ही जुनी रीत आहे म्हणे. प्रशिक्षक मधोमध उभा राहून खेळाडूंना झाडत होता आणि गावकरी भोवती दाटीनं उभे राहून, माना हलवून, त्या झाडण्याला अनुमोदन देत होते. मीही नातीला खांद्यावर घेऊन घुसलो. त्याचं इंग्रजी मला चार शब्दांपलीकडे कळलं नाही. पण घामाचा वास, मलमाचा वास, आणि मागून कुणीतरी माझ्या पाठीला कोपर लावून "जरा सरका" म्हणाल्यासारखं काहीतरी बोललं.

मी सरकलो नाही. नातीनं वरून विचारलं, "आजोबा, आपण कुणाचे?"

"लाल-निळ्यांचे," मी म्हटलं. "आणि तुझ्या बाबांना सांगू नकोस."